कुणाला काय सांगायचं

माझ्या भाच्याचा न्यू जर्सीतला शेजारी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावून ठेवतो. माणूस साधा, घरांच्या रंगकामाची कंत्राटं घेणारा. त्याच्या घरात डोकावून कुणाला काय मिळणार, असं आपल्याला वाटेल. पण २०१६ साली फेसबुकच्या मार्क झुकेरबर्गचा एक फोटो जगभर फिरला. त्यात टेबलावर त्याचा लॅपटॉप दिसत होता आणि लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी होती. शेजाऱ्यानं तो फोटो पाहिला आणि त्याच संध्याकाळी पट्टी आणली. ज्याचा धंदाच लोकांचं बघण्याचा आहे तो स्वतः झाकून बसतो, मग आपण उघडं का बसावं, एवढाच त्याचा युक्तिवाद.

भाचा सुट्टीत परतूरला आला की या शेजाऱ्याची ताजी मतं घेऊन येतो, आणि मी त्यांची वाट बघतो. सरकार आपलं ऐकतं याबद्दल त्या माणसाच्या मनात शंका नाही. अमेरिकी सरकार कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी कशा गोळा करतं ते एडवर्ड स्नोडेननं २०१३ साली उघड केलं, तेव्हापासून तो फोनवर सासूबद्दलसुद्धा जपून बोलतो. कंपन्यांवरही त्याचा भरवसा नाही. दाराच्या घंटीत कॅमेरा मात्र त्यानंच बसवून घेतलाय. स्वयंपाकघरात एक बोलकं यंत्र ठेवलंय. त्याला ‘अंडी संपली’ म्हटलं की अंडी घरपोच येतात. ते यंत्र दिवसभर कान देऊन असतं हे त्याला ठाऊक आहे. भाच्यानं छेडलं तर म्हणाला, “हो, पण अंडी येतात ना.”

त्याला हसू नये. प्यू या संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये अमेरिकी लोकांना विचारलं, तेव्हा १०० पैकी ८१ जणांनी सांगितलं की कंपन्या आपली माहिती गोळा करतात त्यात फायद्यापेक्षा धोका जास्त आहे. एवढं सांगून झाल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी खिशातला फोन काढून बघितला असणार. आपणही तेच केलं असतं.

शेजाऱ्याचं तिसरं मत ओळखपत्राबद्दल आहे. सरकारनं माणसाला नंबर द्यायचा ही कल्पनाच त्याला अपमानाची वाटते. नंबर त्याला आहे, ही गोष्ट वेगळी. १९३६ पासून अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचे नंबर दिले जातात. १९४६ ते १९७२ या काळात त्या कार्डावर स्पष्ट छापलेलं असायचं की हे ओळख पटवण्यासाठी नाही. आज बँकेपासून घरमालकापर्यंत जो तो ओळख पटवायला तोच नंबर मागतो. आपल्या आधारवर उलट लिहिलेलं आहे, की हा ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही. कार्डावर काय छापलंय ते गंभीरपणे घ्यायचं नसतं, यावर दोन्ही देशांचं एकमत दिसतं.

एवढा हा सावध माणूस. त्याचा पगार, म्हणजे कमाई, भाच्याला इतक्या वर्षांत कळलेली नाही. विचारण्याची सोयच नाही. विचारलं तर तो बहुधा घर बदलेल. पण निवडणूक आली की हाच माणूस अंगणातल्या हिरवळीवर आपल्या उमेदवाराच्या नावाची पाटी ठोकतो. तो कोणत्या पक्षाचा म्हणून नोंदलेला आहे ते मतदार नोंदणीच्या कागदावर आहे. उमेदवाराला त्यानं २०० डॉलरांच्या वर देणगी दिली, तर त्याचं नाव, गाव, धंदा आणि रक्कम त्यांच्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर जगाला बघायला खुली. कमाई कुलपात, मत अंगणात.

परतूरला उतरलं की हा सगळा हिशेब उलटा होतो.

मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या रेल्वेवर जालना आणि सेलूच्या मध्ये आमचं गाव. भाचा स्टेशनाबाहेर पडतो आणि रिक्षावाला बॅग उचलता उचलता विचारतो, “कोणाचे म्हणायचे तुम्ही?” नाव सांगितलं की मामा कळतो, मामावरून आजोबा, आजोबांवरून पाडलेला जुना वाडा आणि त्या वाड्याच्या वाटणीतलं भांडण. मग पुढचा प्रश्न येतो, “तिकडं किती भेटतेत महिन्याला?” भाचा म्हणतो, “बरं चाललंय.” परतुरात हे उत्तर धरत नाहीत. रिक्षावाला दोन-चार आकडे टाकून बघतो, भाच्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतो आणि घर येईपर्यंत डॉलरचे रुपये करून मोकळा होतो. संध्याकाळी मी पानटपरीवर जातो तेव्हा तो आकडा माझ्या आधी तिथं पोचलेला असतो, वाटेत थोडा वाढलेला.

माणसाला एकटं राहू द्यावं, हा त्याचा हक्कच आहे, असा एक लेख सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी १८९० साली हार्वर्डच्या कायद्याच्या नियतकालिकात लिहिला. तेव्हा हातात धरायचे कॅमेरे नुकतेच आले होते आणि वर्तमानपत्रं घराघरांतल्या चहाड्या छापू लागली होती. अमेरिकी माणसाचा खासगीपणाचा सगळा विचार त्या लेखातून निघतो असं म्हणतात. आमच्याकडे एखाद्याला एकटं राहू दिलं तर तो दुसऱ्या दिवशी विचारायला येईल, “काय चुकलं का माझं?” एकटं सोडणं ही शिक्षा आहे, आणि ती भाऊबंदकीसाठी राखून ठेवलेली आहे.

गावाला सगळं कळतं त्याची एक पद्धत होती. किराणा दुकानदाराच्या वहीत आमचं घर पूर्ण उतरलेलं असायचं. एखाद्याची साखर निम्म्यावर आली की दुकानदाराला समजायचं, घरात कुणाला तरी शुगर निघाली. दोन दिवसांत गल्लीला समजायचं. मग मेथीचे दाणे, कारल्याचा रस आणि सेलूच्या कुण्या वैद्याचा पत्ता न मागता घरी यायचा. कळणं आणि येणं यांची गाठ बांधलेली होती. आजार कळला तर भेटायला जावं लागायचं, जालन्याला हलवायचं ठरलं तर गाडी बघावी लागायची. “ठाऊक असून आला नाही” हा आमच्याकडे गंभीर आरोप आहे. त्याची शिक्षा पुढच्या पिढीपर्यंत चालते. कंपनीलाही आज माझी साखर ठाऊक असते. ती भेटायला येत नाही, विम्याची जाहिरात पाठवते.

पण हे चित्र फार गोड करू नये. ‘कोणाचे तुम्ही’ या प्रश्नाच्या पोटात जात असते, आणि भाड्यानं घर मागायला आलेल्या माणसाला ती बरोबर ऐकू येते. मोटार स्टँडावर एखादी मुलगी वर्गातल्या मुलाशी दोन मिनिटं बोलली, तर ती घरी पोचण्याआधी ते बोलणं घरी पोचलेलं असतं, भाच्याच्या पगारासारखंच वाढून. गावाच्या नजरेत माया होती तशी जरबही होती, आणि कुणाच्या वाट्याला काय येईल ते घराणं, जात आणि बाईमाणूस की बाप्यामाणूस यांवर ठरायचं.

सरकारही या नजरेला हातभार लावायचं. रेल्वेच्या डब्यावर आरक्षणाचा तक्ता चिकटवलेला असायचा. नाव, बाई की पुरुष, वय, कुठून कुठं, सगळं छापलेलं. देवगिरी एक्स्प्रेस येऊन थांबली की ज्यांना कुठंच जायचं नाही असेही दोघं-तिघं तो वाचत उभे असत. कोण मुंबईला चाललं, कुणाबरोबर चाललं, आणि अमक्याच्या बायकोचं खरं वय किती, हे परतूर स्टेशनावर फुकट समजायचं. २०१८ च्या मार्चपासून रेल्वेनं मोठ्या स्थानकांवर हे तक्ते लावणं थांबवलं. कागद वाचवणं हे एक कारण होतं. बायकांची वयं वाचली ती वरकड.

सातबाऱ्याचं तसंच. कुणाच्या नावावर किती जमीन आणि तिच्यावर कुणाचा बोजा, हे आता घरबसल्या संकेतस्थळावर दिसतं. सोयरीक जुळवायला निघालेला बाप आधी मुलाचा सातबारा बघतो आणि मगच मुलाचा फोटो.

अशा गावात आधार आलं, तेव्हा कुणी विरोध करायचं कारणच नव्हतं. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० रोजी. बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा देताना आमच्या पिढीला एकच काळजी होती, की कष्टानं बोटं घासलेली, ठसा उमटतोय की नाही. पुढं प्रत्येक कामाला आधारची झेरॉक्स लागू लागली. सिमकार्डाला झेरॉक्स, लॉजला झेरॉक्स, गॅसला झेरॉक्स. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळूरच्या कार्यालयानं लोकांना सांगितलं, की झेरॉक्स कुणालाही देत जाऊ नका, गैरवापर होईल. द्यायचीच तर शेवटचे चार आकडे दाखवणारी द्या. दोनच दिवसांत सरकारनं ते पत्रक मागं घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. परतुरात गैरसमज व्हायला वेळच मिळाला नाही. पत्रक निघालं ती बातमी आणि मागं घेतलं ती बातमी, दोन्ही इथं एकाच दिवशी पोचल्या, आणि झेरॉक्सवाल्याचं मशीन मधे एकदाही थांबलं नाही.

खासगीपणाचं खरं दर्शन घ्यायचं असेल तर सेवा केंद्रावर जावं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली. महिना १५०० रुपये, एक अट अशी की कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी सुरू झालं. बाईचं आधार, तिच्या मोबाइलवर ओटीपी. मग नवऱ्याचं नाहीतर वडिलांचं आधार, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी. नवरा चाकणला, त्याचा मोबाइल चाकणला, बाई परतूरला रांगेत. ती फोन लावते, तो कारखान्याच्या आवाजात ओरडून आकडे सांगतो, ती आणखी मोठ्यानं ते आकडे केंद्रवाल्या पोराला सांगते, आणि रांगेतल्या मागच्या तिघी एकसाथ म्हणतात, “सात न्हाई बाई, नऊ म्हणतोय त्यो!” त्या संदेशाच्या खाली लिहिलेलं असतं, हा क्रमांक कुणालाही सांगू नका.

यात मला बायकांचं हसू येत नाही. पैसे तिच्या नावावर, खातं तिचं, पण दार उघडायचं तर नवऱ्याच्या मोबाइलची घंटी वाजली पाहिजे. गोपनीयतेची सगळी यंत्रणा ज्यानं आखली, त्यानं मनात एक माणूस, एक फोन, एक खोली असं धरलं होतं. आमच्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं आणि तीन फोन असतात.

म्हणून गल्लीतल्या मुलींकडे बघताना मला भाच्याच्या शेजाऱ्याची चिकटपट्टी अपुरी वाटते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि दोन-तीन वर्षांत कॉलेजात जाणाऱ्या पोरींच्या हातात फोन दिसू लागले. ज्या घरात पोरीला स्वतःचं कपाट नाही, तिथं तिला पहिली स्वतःची खोली मिळाली ती हातभर नव्हे, टीचभर काचेची. तिला आतून कडी आहे. तिथं मैत्रिणीचे निरोप आहेत, पोलीस भरतीचे जुने पेपर आहेत, एखादी कविता आहे जी बापाला दाखवायची नाही. गावाच्या नजरेपासून ती पहिल्यांदा चार घटका सुटली. फक्त खोली बांधून देणाऱ्यानं आपल्यासाठी मागचं दार ठेवलंय, आणि त्या दारानं कोण आलं, काय उचलून नेलं, हे तिला कळायचा मार्ग नाही. न्यू जर्सीतल्या माणसाकडे घर आधीपासून होतं, त्याला त्यात यंत्र शिरलेलं खुपतं. परतूरच्या पोरीला घरच यंत्रानं दिलं. तिला यंत्र टाकून दे म्हणण्यात अर्थ नाही. मागच्या दाराला कडी कोण लावणार, हा तिचा प्रश्न आहे.

ती कडी कायद्यात बरीच उशिरा आली. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटलं होतं, की खासगीपणाचा असा काही मूलभूत हक्क राज्यघटनेत दिसत नाही. १९६२ मध्ये खडक सिंग नावाच्या माणसाचा खटला आला. पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप मारून तो घरात आहे का बघायचे. न्यायालयानं रात्रीची थाप बंद केली, पण खासगीपणाचा हक्क मानला नाही. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांच्या याचिकेवर, नऊ न्यायाधीशांनी एकमुखानं हा हक्क मूलभूत असल्याचं सांगितलं. मुख्य निकालांपैकी एक न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला, आणि त्यात त्यांनी आणीबाणीतला १९७६ चा जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. तो निकाल देणाऱ्यांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी घरात मुलानं बापाची चूक एवढ्या सभ्यपणे, एवढ्या पानांत आणि बापाच्या माघारी दाखवल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती घ्यायच्या आधी कंपनीनं संमती घ्यायची, माहिती कशासाठी हवी ते सांगायचं, आणि ती सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत मिळाली पाहिजे. चुकार कंपनीला दंड २५० कोटींपर्यंत. मराठीत सूचना येणार म्हटल्यावर मला आनंद झाला. पण बँकेचा अर्ज भरताना ‘इथं, इथं आणि इथं’ असं बोट दाखवलं की न वाचता सह्या करणारे आम्ही. सूचना मराठीत आल्यानं एवढाच फरक पडेल, की काय वाचलं नाही ते आम्हाला मातृभाषेत सांगता येईल. २०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपनं नव्या अटी आणल्या तेव्हा देशभर ओरडा झाला. परतुरात तो ओरडा व्हॉट्सॲपवरच झाला. “हे ताबडतोब बंद करा, वीस जणांना पाठवा” असे संदेश आले, ते आम्ही वीस जणांना पाठवले आणि अटी मान्य केल्या. त्याच अटींपायी स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी १४ लाखांचा दंड ठोठावला, तो आमच्या हुशारीमुळे नक्कीच नाही.

मागच्या खेपेला भाचा बहिणीसाठी साडी घ्यायला कपड्याच्या एका मोठ्या दुकानात गेला. मी सोबत होतो. पैसे देताना काउंटरवरच्या पोरानं मोबाइल नंबर मागितला. भाचा शेजाऱ्याच्या थाटात म्हणाला, “कशाला पाहिजे?”

पोरगा गडबडला. हा प्रश्न त्याला आधी कुणी विचारलेला दिसत नव्हता. त्यानं मालकाकडे बघितलं, मालकानं संगणकाकडे. “साहेब, आम्हाला नाही पाहिजे,” पोरगा म्हणाला, “ते मशीनच बिल काढंना नंबर टाकल्याबिगर.” वास्तविक बिलासाठी नंबरची सक्ती करू नका असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय. भाच्यानं ते ऐकवलं. मागं रांग वाढली. मग मालक उठले, शांतपणे संगणकाजवळ आले आणि त्यांनी दहा वेळा नऊ दाबला. बिल निघालं.

“बऱ्याचदा असंच करतो,” मालक मला हळूच म्हणाले. म्हणजे कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या संगणकात परतूरचं एक गिऱ्हाईक आहे, ज्याचा नंबर दहा नऊ. त्यानं एका दिवशी शालू, शाळेचा गणवेश, झबलं, धोतरजोडी आणि लग्नाचा कोट घेतलाय. तिथला हुशार माणूस या गिऱ्हाइकाचा अभ्यास करत असेल, आणि मराठवाड्यात दुष्काळ असताना हा एवढा खर्च कसा करतो, याचा अहवाल लिहीत असेल.

त्या दिवसापासून ‘कशाला पाहिजे’ हा प्रश्न मला आवडू लागला. त्या शेजाऱ्याच्या सगळ्या मतांतलं हे एकच मत मला पोस्टानं मागवून घ्यावंसं वाटतं. आम्हाला तो प्रश्न उद्धट वाटतो. विचारणारा समोर आहे, त्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? नकार द्यायची आमची रीत निराळी आहे. आम्ही हो म्हणतो आणि खरं सांगत नाही. या रीतीत आमचा हात धरणारं कुणी नाही, आणि तिचा सगळ्यात मोठा मुहूर्त म्हणजे निवडणूक.

परतुरात माणसाचा पगार, आजार, कर्ज, पोराचे मार्क, सुनेचं माहेर, सगळं उघडं. मत मात्र कुणाला कळत नाही. सकाळी एका पक्षाची जीप येते. गल्लीतले आबा खाटेवरून उठून म्हणतात, “आता हे काय विचारणं झालं? तुम्हालाच!” दुपारी दुसरी जीप येते. “तुम्हालाच!” तिसऱ्याला चहाही मिळतो आणि तुम्हालाचही मिळतं. तिघंही खूष होऊन जातात, आणि तिघांनाही ठाऊक असतं की आबा बाकी दोघांना हेच म्हणाले. यात फसवणूक नाही, शिष्टाचार आहे. दाराशी आलेल्याला रिकामं पाठवू नये.

केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या कंपनीचं प्रकरण २०१८ च्या मार्चमध्ये फुटलं. फेसबुकवरच्या सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती तिच्यापर्यंत पोचली होती, आणि कोण काय लाइक करतो त्यावरून त्याचा स्वभाव ओळखून मतं वळवता येतात असा तिचा दावा होता. त्या मंडळींनी एकदा परतूरवर हात चालवून बघायला हवा होता. आमच्याकडे माणूस सगळ्याच पक्षांच्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला अंगठा दाखवतो, कारण फोटो टाकणारा एक साडू असतो, दुसरा वर्गमित्र आणि तिसऱ्याकडे ट्रॅक्टरचं काम अडलेलं असतं. चौकातल्या दोन विरोधी पक्षांच्या फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून एकाच माणसाचा एकच फोटो असतो. असल्या माहितीवरून स्वभाव काढायला गेलं तर यंत्र दहा नऊंचा आणखी एक मतदार काढून दाखवेल.

या गुपिताला कायद्याचंही पाठबळ आहे, आणि ते फार जुनं आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं ९४ वं कलम सांगतं, की तू कुणाला मत दिलंस हे सांगायला कुणालाही भाग पाडता येणार नाही, अगदी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातही. १९५४ चे आठ न्यायाधीश खासगीपणाचा हक्क दिसत नाही म्हणाले, त्याच्या तीन वर्षं आधी. म्हणजे २०१७ पर्यंत या देशातल्या सामान्य माणसाला हक्काची पूर्ण खासगी जागा एकच होती, मतदान केंद्रातला पुठ्ठ्याचा आडोसा. तिथं बाईच्या मागं नवरा येऊ शकत नाही, सासू येऊ शकत नाही, पाटीलही नाही. आता यंत्राशेजारच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती बघणारीही एकटी तीच. बाहेर आल्यावर बोटावर शाई असते. ती शाई एवढंच सांगते की हिनं मत दिलं. माहिती किती द्यावी याचा इतका नेमका नमुना सरकारनं दुसरीकडे कुठं दाखवलेला नाही.

या गुपितालाही एक फट आहे. मतमोजणी केंद्रवार होते आणि आकडे केंद्रवार जाहीर होतात. हजार-बाराशे मतदारांचं एक केंद्र. म्हणजे कुठल्या गल्लीनं, कुठल्या तांड्यानं काय केलं ते निकालाच्या रात्रीच कार्यकर्त्यांच्या हातात. मग एखाद्या तांड्यावर रस्त्याचं काम मागायला गेलेल्याला ऐकावं लागतं, “तुमच्याकडून किती पडली ते बघितलंय आम्ही.” कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा गरज वाटेल तिथं मोजण्याआधी त्या मिसळायची सोय नियमांत होती. मतदान यंत्र आलं आणि मिसळणं गेलं. अनेक केंद्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर नावाचं उपकरण आणावं असं निवडणूक आयोगानं २००८ मध्ये सुचवलं, २०१५ मध्ये विधी आयोगानंही दुजोरा दिला. ते अजून आलेलं नाही. कुठल्या पक्षाला ते का नको असेल, हे विचारलंत तर मी सगळ्यांचीच नावं घेईन.

गावाची नजर आणि कंपनीचं यंत्र यांत खरा फरक इथं दिसतो. आबांना जीपवाले विचारतात. आबा उत्तर देतात. उत्तर खरं द्यायचं की गोड, हे आबांच्या हातात असतं. यंत्र आबांना विचारतच नाही. रात्री जेवण झाल्यावर नातवाच्या फोनवर रील बघताना आबांचा अंगठा कुठं थबकला, कोणाचं भाषण त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, कोणाचं अर्ध्यात उडवलं, हे ते मुकाट्यानं टिपून घेतं. त्याला ‘तुम्हालाच’ म्हणायची सोय नाही. अमेरिकी माणूस कमाई झाकतो आणि मत अंगणात ठोकतो, आम्ही मत झाकतो आणि कमाई रिक्षावाल्याच्या हवाली करतो. कोण शहाणा यावर भाचा आणि मी भांडत बसतो. पण काय झाकायचं आणि काय ठोकायचं हे दोघंही आपापलं ठरवत होते. तो ठरवणारा हातच यंत्र काढून घेतं, आणि मग पट्टी लावलेला शेजारी काय, ओट्यावर बसलेले आबा काय, सारखेच.

मध्यंतरी त्या शेजाऱ्यानं भाच्याकडे माझी चौकशी केली. अमेरिकेच्या निवडणुकीत तुझे मामा असते तर त्यांनी कुणाला मत दिलं असतं, असं त्याला जाणून घ्यायचं होतं. मी भाच्याला आधी विचारलं, त्याच्या अंगणात पाटी कोणाची आहे. त्यानं सांगितलं. म्हटलं, “मग त्याला सांग, त्यालाच.” शेजारी खूष झाल्याचं नंतर कळलं.

कायदा करणाऱ्यांना कुणी आमचं मत विचारलंच, तर मी १९५१ चं ते ९४ वं कलम पुढं करीन. मतासाठी जे केलंत ते बाकीच्यासाठीही करा. साडीच्या दुकानात, कर्जाच्या ॲपवर, लॉजच्या रजिस्टरात माणसाला ‘नाही सांगत’ म्हणता आलं पाहिजे, आणि त्यासाठी दहा नऊ दाबायची वेळ त्याच्यावर येऊ नये. फक्त कलम लिहिताना शेवटी एक ओळ आठवणीनं घाला. नाही म्हटल्यावरही बिल निघालं पाहिजे.